चुन्याखालचे चेहरे

ही गोष्ट फार जुनी आहे. किती जुनी ते विचारू नका, मला जिने सांगितली तिलाही ठाऊक नव्हतं. लहानांनी आईला टेकून बसा. मोठ्यांनी आपल्या चेहऱ्यावरून एकदा हात फिरवून बघा, सगळं जागच्या जागी आहे ना. आहे? मग ऐका.

एका डोंगराच्या पायथ्याशी चुना भाजणाऱ्यांचं गाव होतं. सगळं गाव पांढरं. घरं पांढरी, गोठे पांढरे, विहिरीचा कठडासुद्धा पांढरा. भिंतीवर कुठे डाग दिसला की या लोकांना झोप लागत नसे. ओल कुठून येते, छप्पर कुठे गळतं, ते कोण बघत बसणार? कुंचला घ्यायचा आणि वरून चुन्याचा हात द्यायचा. डाग पुन्हा वर आला की पुन्हा हात द्यायचा. यांच्या भिंती अशा वर्षानुवर्षं जाड होत चालल्या होत्या आणि खोल्या लहान, पण ते कुणाच्या लक्षात आलं नाही.

वर्षातून एकदा देवीची पालखी निघे. डागाळलेल्या भिंतीपुढे पालखी थांबत नसे, डागाळलेल्या तोंडापुढेही नाही. जिथे थांबे, तिथे घरातलं नवं लेकरू एखाद्या बाईच्या ओटीतून देवीला दाखवायचं. ज्या ओटीतून दाखवलं त्या ओटीचं ते लेकरू, असा तिथला कायदा होता. मग जन्म कुणी का दिलेला असेना.

या गावात हौसा नावाची सून होती. नवऱ्याचं नाव दौलत. तिला पहिलीच लेक झाली. लेक गुटगुटीत, दूध पिताना एक हात वर करायची आणि आईच्या हनुवटीवरचा तीळ बोटांनी चाचपायची. तीळ सापडला की डोळे मिटून निवांत प्यायची. हौसाला त्यात जगातलं सगळं सुख मिळत होतं.

पण बाळंतपणानंतर हौसाच्या गालांवर आणि कपाळावर वांग आला. तपकिरी डाग आधी पुसट होते, मग ती भट्टीवर कामाला जायला लागली तसे गडद झाले. दुसऱ्या गावात कुणी वळूनही बघितलं नसतं. इथे मात्र पाणवठ्यावर कुजबुज सुरू झाली.

सासूला ती आत्याबाई म्हणायची. आत्याबाईंचा चेहरा या वयातही तुळतुळीत होता, एक रेघ नाही. त्या वाईट नव्हत्या, पण मऊही नव्हत्या. दौलत त्यांचा एकुलता एक पोटचा मुलगा, तरी तो आईपाशी घटकाभर बसत नसे. का बसत नाही, ते त्यालाही सांगता आलं नसतं. तान्हेपणी तो शेळीच्या दुधावर वाढला होता, एवढंच त्याला माहीत होतं.

एके दिवशी आत्याबाई म्हणाल्या, "हौसा, हे तोंड घेऊन तू पालखीपुढे बसणार आहेस का?"

"मग कोण बसणार, आत्याबाई?"

"थोरली बसेल. तिला लेकरू नाही, तोंडावर डागही नाही."

थोरली म्हणजे हौसाची चुलतजाऊ. शेजारच्याच घरात राहायची. तिने मान खाली घातली, पण तिचे हात आपसूक ओटीपाशी गेले. हौसाने ते पाहिलं.

ती तडक म्हाळसा आजीकडे गेली. गावातली निम्मी माणसं या सुईणीच्या हातावर जन्मलेली. आजीने तिचं तोंड उजेडाकडे वळवलं.

"वांग आहे, दुसरं काही नाही. बाळंतपणात अंगाची उलथापालथ होते, कुणाकुणाला येतो. त्यात तू उन्हात आणि भट्टीच्या जाळापुढे उभी राहतेस, म्हणून गडद होतोय. पदर पुढे ओढत जा. उन्हाचं काम दुसऱ्याला दे. घासू नकोस, लिंबू लावू नकोस, आणि चुना तर अजिबात नको."

"म्हणजे जाईल ना?"

"फिका पडेल. पूर्ण जाईलच असा शब्द मी देत नाही."

"कधी फिका पडेल?"

"एखादा उन्हाळा जाऊ दे, पावसाळा जाऊ दे."

"पालखी तोंडावर आलीय, आजी."

खरं औषध सांगणाऱ्याची हीच पंचाईत असते, त्याच्यापाशी घाई नसते. घाई असलेल्या माणसासाठी दुसरंच कुणीतरी वाट बघत बसलेलं असतं.

या गावातही होतं. डोंगरावर एक जुनी भट्टी होती, कधीच विझलेली. तिथे भर दुपारी, ऊन डोक्यावर आलं आणि आपली सावली आपल्याच पायाखाली गेली, की एक बाई बसलेली दिसे. बायका तिला पुसणारी म्हणत, तेही इकडेतिकडे बघून, हळू आवाजात.

हौसा लेकीला निजवून वर गेली. वाटेत पाखरू बोलत नव्हतं. भट्टीच्या भिंतीला टेकून ती बाई बसली होती. तिचा चेहरा गुळगुळीत पांढरा, त्याला डोळे होते, तोंड होतं, पण भुवया नव्हत्या, खळी नव्हती, सुरकुती नव्हती. एकदा नजर फिरवली की तो चेहरा कसा होता ते आठवतच नसे. हौसाने एकदा मान दुसरीकडे वळवली, आणि पुन्हा तिच्याकडे वळवली तेव्हा आपण हिला पहिल्यांदाच बघतोय असं तिला वाटलं.

"कुठे पुसू?" बाईने विचारलं.

हौसाने गाल पुढे केला. बाईने ओलं फडकं फिरवलं. एवढ्या उन्हात ते फडकं बर्फगार होतं. दुखलं नाही, झोंबलं नाही. हौसाने घरी येऊन घागरीतल्या पाण्यात पाहिलं, तर गाल स्वच्छ.

आत्याबाईंनीही पाहिलं. कुठे गेली होतीस, असं त्यांनी विचारलं नाही. नुसत्या म्हणाल्या, "आता बरं दिसतंय." आणि का कोण जाणे, आपल्याच गालावरून त्यांनी बोटं फिरवली.

पण दोन दिवसांत डाग परतला, आधीपेक्षा काळा. हौसा पुन्हा वर गेली. पुन्हा स्वच्छ, पुन्हा डाग. मग ती रोजच जायला लागली. बाई रोज विचारायची, "कुठे पुसू?" आणि रोज फडकं थोडं थोडं पुढे सरकायचं. हौसा पाण्यात बघायची ती फक्त गाल आणि कपाळ. बाकी तोंडाकडे तिचं लक्षच नव्हतं. माणसाचं असंच असतं, डागाकडे बघायला लागलं की डागच दिसतो.

लेकीचं लक्ष मात्र होतं. तिला प्यायला जवळ घेतलं की ती हात वर करायची. हनुवटीवर बोटं फिरवायची, पुन्हा फिरवायची, आणि मग मान वळवून रडायला लागायची. परक्या बाईने उचलल्यावर लेकरू रडतं तसं. हौसाने चुचकारलं, गाणी म्हटली, पदराखाली घेतलं. लेक पीत नव्हती. शेळीचं दूधही तिच्या पोटात टिकेना. पालखीच्या आदल्या दिवशी तर तिचं रडणंही थांबलं. रडणाऱ्या लेकरापेक्षा गप्प पडलेलं लेकरू जास्त भीती घालतं. हौसा तिला उराशी धरून म्हाळसा आजीच्या दारात जाऊन उभी राहिली.

आजीने आधी विचारलं, "कोण गं तू?"

"आजी, मी हौसा."

आजी जवळ आली. तिने हौसाची हनुवटी धरून उजेडाकडे वळवली. "तुझा तीळ कुठे आहे?"

हौसाने चाचपलं. तीळ नव्हता. भुवया विरळ झाल्या होत्या. हसताना पडायची ती खळीही नव्हती.

"तू वर गेलीस," आजी म्हणाली. "जा, आत्ताच्या आत्ता परत जा. आज बायका जुन्या भट्टीलाही चुना देतात. शिवारातली एक भिंत सोडत नाहीत मेल्या. चुना पडायच्या आत तुझं तू परत माग."

हौसा लेकीला घेऊन डोंगर चढली. ऊन डोक्यावर आलं होतं. या वेळी तिने बाईकडे न बघता तिच्या मागच्या भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर डाग होते. नुसते डाग नव्हते, तपकिरी वांग, तीळ, गोंदण, भुवया, कपाळावरच्या आठ्या. जिचं जे पुसलं ते तिथे उमटलं होतं. चेहरेच होते ते. भट्टी थंड होती, पण भिंतीला हात लावला तर ती अंगासारखी कोमट लागली.

खालून बायकांच्या बोलण्याचा आवाज येत होता. चुन्याच्या बादल्या घेऊन त्या वर चढत होत्या, पुढे आत्याबाई.

"माझा तीळ दे," हौसा म्हणाली.

"निवडून देत नाही," बाई म्हणाली. "वांगासकट घ्यायचं, नाहीतर राहू दे. उद्या पालखी आहे. नीट विचार कर."

"तुझा चेहरा कुठे आहे?"

बाईने भिंतीकडे पाहिलं. "इथेच होता. मी न्यायला आले, तेव्हा वर चुना पडला होता. पुढच्या वर्षी आणखी पडला. म्हणून मी येईल तिचं पुसून बघते, त्यात माझं काही सापडतंय का."

हौसाने कडेवरच्या लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे अर्धे मिटले होते. मग तिने विचार केला नाही. भिंतीवरची आपली जागा शोधली आणि तिथे तोंड टेकलं. या वेळी दुखलं. चुन्याने कातडी जाळली, डोळ्यांतून पाणी आलं, तरी तिने तोंड काढलं नाही.

ती मागे सरली तेव्हा भिंतीचा एक पोपडा गळून पडला. हौसा तिथेच खाली बसली आणि तिने लेकीला पदराखाली घेतलं. बारीकसा हात वर आला. बोटं हनुवटीवर फिरली, थांबली. लेकीने तीळ घट्ट धरला आणि ती प्यायला लागली. हौसा हुंदके देऊन रडली.

बायका पोचल्या होत्या. बाईची जागा रिकामी होती, ओलं फडकं तेवढं पडलेलं.

आत्याबाई म्हणाल्या, "पुन्हा डाग घेऊन बसलीस?"

"हो आत्याबाई. हा डाग माझा आहे, आणि ही लेकही माझी आहे."

आत्याबाईंनी तोंड फिरवलं, कुंचला चुन्यात बुडवला आणि भिंतीवर उचलला. तो तसाच हवेत राहिला. पोपडा निघाला होता तिथे खालचा जुना थर उघडा पडला होता, आणि त्यात एका गालाचा तुकडा दिसत होता. गालावर वांग होता. त्याच्या कडेला लहानपणी भाजल्याचा चंद्रकोरीसारखा व्रण.

आत्याबाईंचा हात स्वतःच्या तुळतुळीत गालावर गेला. त्यांच्या तोंडून एकच शब्द आला, "दौलत." कुंचला खाली पडला, आणि त्या नखांनी भिंत खरवडायला लागल्या.

दुसऱ्या दिवशी पालखी आली. हौसा तोंड न झाकता उंबऱ्यावर, सावलीत बसली होती. तिच्या तोंडावरचा डाग बघून भोई थबकले. अशा ओटीला नाही म्हणायचा हक्क घरातल्या मोठ्या माणसाचा होता. पण आत्याबाई घरात नव्हत्याच, त्या डोंगरावर होत्या. थोरली जाऊ पुढे आली आणि तिने शेजारी निजलेल्या लेकीला आपल्या हातांनी उचलून हौसाच्या ओटीत ठेवलं. पालखी थांबली, देवीने लेकरू पाहिलं आणि पुढे गेली.

हौसाने भट्टीचं काम सोडलं, पदर पुढे ओढला, तोंडाला पाण्याशिवाय काही लावलं नाही. उन्हाळा गेला, पावसाळा गेला, वांग फिका पडला. थोडा राहिला. लेकीला बोलता यायला लागलं तेव्हा ती तिळावर बोट ठेवून म्हणायची, "आई," मग वांगावर बोट ठेवून म्हणायची, "ही पण आई."

त्या भट्टीला पुन्हा कुणी चुना दिला नाही. पण आजही भर दुपारी डोंगरावरून खरवडण्याचा आवाज येतो म्हणतात. नीट कान दिला तर कळतं, खरवडणाऱ्या दोघी आहेत. आत्याबाईंना त्यांचा सगळा चेहरा मिळाला की नाही, मला माहीत नाही. एवढं माहीत आहे, की दौलत रोज दुपारी भाकरी घेऊन वर जायचा आणि दर दिवशी आईपाशी थोडा जास्त वेळ बसायचा.

बोध हा, की अंगावरच्या डागाला सावली द्यावी आणि सवड द्यावी. घाईने पुसायला गेलं, तर डाग पुन्हा येतो आणि आपलं माणूस मात्र आपल्याला ओळखेनासं होतं.