दत्तूकाकांचं बक्षीसपत्र

मोठेपणा फुकट मिळत असेल तर आपले वडीलधारे पोतं घेऊनच उभे राहतात. गुहागरच्या पतसंस्थेचे अध्यक्ष दत्तूकाका त्यातलेच. पुतणी शर्वाणी नर्स. कॅनडाला जायचं तर सुरुवातीच्या खर्चाचे पैसे आपल्या खात्यात दाखवावे लागतात. काकांनी तिच्या खात्यात बारा लाख भरले आणि गावभर सांगत सुटले. पैसे उसने नाहीत हे दाखवायला नोटरीसमोर बक्षीसपत्रावर झोकात सही केली: 'बदल्यात काही घेतलेलं नाही, घेणार नाही.'

मग खिशातून हक्कसोडपत्र काढलं. "बापाच्या घरातला हिस्सा सोड. तुला आता कशाला हवाय?"

शर्वाणीला गेलेल्या बाबांचा ओटा दिसला, त्यांनी लावलेली अबोली दिसली. तिने बक्षीसपत्रातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं.

"करते की सही, काका. पण मग तुमचं बक्षीसपत्र खोटं ठरेल. तुमच्यासारख्या माणसाला चारचौघांत खोटं पाडू?"

नोटरी गालात हसला. "अध्यक्षसाहेब, यातला कुठला कागद फाडू?"

काकांनी हक्कसोडपत्र चुरगाळून खिशात कोंबलं. "त्या घरात परत येणार तरी आहेस का तू?"

"ठाऊक नाही, काका. पण परतायला घर असलं तर मी गेले म्हणता येईल. नाहीतर तुम्ही मला घालवलंत, एवढंच."