साहेबाचा बूट

"...मग शास्त्रात लिहिलंय ते खोटं का, पाळकबाबा? राज्य करणाऱ्याचं ऐकावं, ती सत्ता त्याला देवानंच दिली, असं लिहिलंय का नाही?"

इचारनारा एलिया ठोंबरे. शहरात पाळकाचं शिक्षान घिऊन आमच्या खैरमाळच्या चर्चात नवा आलेला. भर उन्हाळ्यात कोट घालायचा. त्या कोटाच्या खिशात मी एकदा बेडकी ठिवली व्हती, ती भजनाच्या टायमाला निघाली. आसो.

पाळकबाबा म्हंजी याकोब शिनगारे. पार पिकलेलं पान. चर्चात बसून लेकरांना भाकर मोडून देत व्हते.

"लिव्हलंय," म्हनले.

"फौजदाराचा हुकूम आहे. दिवस मावळायच्या आत चर्च मोकळं करा. मग करायचं ना?"

"आधी खाऊ दे यांना."

लेकरं पारध्याची. गावात चोरी झाली. कुनी केली ते देवाला ठावं, पन झोपड्या पेटल्या पारध्यांच्या. बाया, लेकरं, एक बाई दिवस भरलेली, समदी चर्चात शिरली. भायेर गावातले गडी काठ्या घिऊन बसलेले. चर्चाच्या भायेर पडलं का मेलं, येवढा सरळ हिशोब.

"बाबा, बोला ना..."

बाबांनी फुडची भाकर मोडली. तेवढ्यात फौजदारच आला.

आता आमच्या चर्चात खाली सतरंजीवर बसायची रीत. पायतान दारात. फौजदारानं दारातल्या वहाना बघितल्या, आन् कुनी सांगायच्या आधी बूट काढले. मानूस वाईट नव्हता.

बूट लई चकाकत व्हते. माझा हात शिवशिवला. एक उचलला आन् घंटेच्या खांबामागं ठिवला. घंटा मीच वाजवतो, तिथं दुसरं कोन बघतंय?

पाळकबाबा उठून हुबे ऱ्हायले. हात जोडले. "या साहेब."

"बाबा, यांना बाहेर काढा. मला गावात दंगा नको."

"न्हाई काढनार, साहेब."

"हुकूम आहे."

"ऐकला. मोडनाऱ्याला काय हाय?"

"कोठडी."

"बरं."

बाबा आत गेले. दोन राती चर्चाच्या उंबऱ्यावर राखन करत बसले, तवाची घोंगडी खांद्यावर टाकून आले. "चला."

फौजदार बघतच ऱ्हायला. "अहो, मी अजून तुम्हाला धरलं नाही!"

"हुकूम तुमचाच ना, साहेब?"

फौजदार दारात गेला. एका पायात बूट, दुसरा पाय हवेत.

"माझा बूट?"

पारध्याची एक चिमुरडी फिदीफिदी हसली. दोन दिसांत पहिल्यांदा. बाबांनी मातर माझ्याकडंच बघितलं.

"फिलिप्या. साहेबाचा बूट साहेबाला दे."

दिला, काय करतो.

बाबा खाली बसले. फौजदाराच्या पायात सोता बूट चढवला, नाडी बांधली.

एलियाचं तोंड लाल. "बाबा! पाळकानं फौजदाराच्या पायाला हात लावायचा?"

बाबांनी नाडीला दुसरी गाठ मारली.

फौजदाराला पाय मागं घेता यीना आन् फुडं टाकता यीना. शेवटी एलियाला म्हनला, "चर्चची किल्ली आता तुमच्याकडं. दिवस मावळायच्या आत मोकळं करा." आन् निघाला.

म्हंजी निघाले बाबा. फौजदार त्यांच्या मागून, मान खाली घालून. कोन कुनाला धरून नेतंय, रस्त्यानं लोकांना कळंना. मी आसा मानूस दुसरा न्हाई बघितला.

दिवस कलला तसा एलिया ठान्यात आला. मी बाबांची भाकर घिऊन तिथंच. एलियाच्या मुठीत किल्ली.

"बाबा, तुम्ही हुकूम मोडला."

"मोडला."

"मग आपल्या पायानं कोठडीत कशाला आलात?"

"हुकूम व्हता."

"पाळायचा तर पाळायचा, मोडायचा तर मोडायचा! मी रविवारी लोकांना काय सांगू?"

"रविवारी साहेबासाठी प्रार्थना घे. नाव घिऊन घे. त्यांच्या पोरीला ताप हाय म्हनं."

तिकडं मेजावर फौजदार लिहीत व्हता. त्याचा हात थांबला. मान काय वर झाली न्हाई.

एलिया गजाला धरून हुबा.

"बाबा."

"हां."

"मी पण नाही काढलं त्यांना, तर... मला पण इथंच..."

पाळकबाबा बसल्या जागी सरकले. भिंतीला पार चिकटले. शेजारी एका मानसापुरती जागा झाली.

एलिया त्या जागेकडं बघत ऱ्हायला. मंग किल्ली कोटाच्या खिशात घातली. त्याच बेडकीच्या. मला हसू यायला पायजे व्हतं, आलं न्हाई.

तो वळला. दाराशी गेला.

"एलिया."

बाबांनी घोंगडी गुंडाळून गजातून भायेर सरकवली.

"ही घिऊन जा. चर्चाच्या उंबऱ्यावर वारा लई लागतो."