पडद्याच्या पोटात

माझे चुलतसासरे तात्यासाहेब निवृत्त प्राचार्य. त्यांच्यापुढे घरात कुणाची ब्र काढायची हिंमत नाही. मी एम.ए. झालेली, पण त्यांच्यासमोर माझी वाक्यं अर्धवटच राहतात.

माझ्या छोट्या लेकीने, रेवाने, खुळखुळा भिरकावून माझा मॉनिटर फोडला. पैठण्यांच्या फोटोंचे रंग सुधारण्याचं माझं घरबसल्याचं काम अडलं, म्हणून तात्यासाहेब स्वतः मला दुकानात घेऊन आले.

"ऑल-इन-वन घे, सूनबाई. पडद्याच्या पोटातच सगळा कॉम्प्युटर! आम्ही ठरवलंय."

मला मात्र पुढचा खुळखुळा दिसत होता. पडदा फुटला की सगळंच दुरुस्तीला जाणार, आणि माझं काम दुसरीकडे.

"जुना कॉम्प्युटर चांगला आहे. हाय रिझोल्यूशनचा नुसता मॉनिटर..." मी पुटपुटले.

"कारण सांग!"

तेवढ्यात कडेवरच्या रेवाने त्यांचा चष्मा ओढून फरशीवर आपटला. काचा फुटल्या.

"आता नवा चष्मा करणं आलं!" ते गरजले.

"हो ना, तात्यासाहेब," माझा आवाज कसा फुटला कोण जाणे, "पण नुसता चष्माच. डोळे काही त्याच्या पोटात बसवलेले नव्हते."

मी डोळे मिटून घेतले.

"मॉनिटर दाखवा हो," तात्यासाहेब दुकानदाराला म्हणाले, "आणि जरा जवळ आणा. मला काही दिसत नाहीये."