धुरपामायनं घालायला लावलेलं लोटांगण

फार वर्षांपूर्वी, गावात पिठाची गिरणी यायच्या आधी, खडकओहोळात धुरपामाय नावाची औषधपाणी करणारी बाई होऊन गेली. भारी रागीट. ती चिडली की तीन घरं पलीकडच्या चुलीवरचं दूध उतू जायचं, असं म्हणतात. लोक तिला टरकून असायचे आणि पोटात दुखलं की तिच्याच दारात यायचे.

त्या गावाला एक खूळ होतं. कुणाच्या छातीत जळजळलं, आंबट पाणी घशाशी आलं, की म्हणायचे, गावदेवी आगजाईचा नैवेद्य तिच्याआधी उष्टावलाय, म्हणून देवीची आग छातीत पेटलीय. आता गंमत बघा, ही आग गड्याच्या छातीत पेटली की तिला उष्णता म्हणायचे आणि बाईच्या छातीत पेटली की चोरी! चोरीला शिक्षाही होती. जत्रेच्या दिवशी कडक उपास, संध्याकाळी देवळाच्या पायरीवर भाकरी आणि ओंजळभर ठेचा खायचा, आणि तसंच गाभाऱ्यापर्यंत लोटांगण घालत जायचं. आगीनं आग विझते म्हणे! कुणाच्या सुपीक डोक्यातून निघालं होतं, त्या देवीलाच ठाऊक.

पाटलांची धाकटी सून अनशी तीन वर्षं अशी जळत होती. त्या घरात आधी गडी जेवायचे, मग पोरं, मग सासू. सगळे निजायला गेले की सुनेच्या वाट्याला भांड्याच्या तळाशी राहिलेला तवंगाचा रस्सा यायचा. भुकेनं कळवळलेली पोर भराभर गिळायची आणि लगेच पाठ टेकायची, कारण पहाटे दळायला उठायचं असायचं. जात्यावर वाकली की आंबट पाणी तोंडात. पुढं खोकला लागला, आवाज घोगरा झाला, दात झिजून शिवशिवायला लागले. त्यात तिला दिवस गेले आणि पोट वाढलं तशी जळजळ दुप्पट झाली. शेवटी भाकरीचा घास छातीतच अडकायला लागला. आणि तिची सासू, ठकूबाई, पाणवठ्यावर सांगत सुटली, "आमची सून देवीच्या तोंडचा घास चोरती."

अनशी चोरून धुरपामायकडे आली.

"माय, म्या काय चोरलं न्हाई गं."

"ते मला ठावं हाय. जेवतीस कवा, ते सांग."

अनशी सांगत गेली आणि मायचं डोकं तापत गेलं. औषध अवघड नव्हतंच. दिवेलागणीआधी जेवायचं, थोडं थोडं, चावून. तिखट-तेलकट बंद, मिश्री बंद. नेसूची गाठ ढिली ठेवायची. जेवण जिरल्याशिवाय आडवं व्हायचं नाही, वाकायचंही नाही. बाजेच्या उशाकडच्या खुरांखाली विटा घालायच्या आणि डाव्या कुशीवर निजायचं. "पर घास अडकतुया, ते काय माझ्या हातचं न्हाई," माय म्हणाली. "त्याला शहरातला डाक्तरच पायजे. उशीर केलास तर पाणीसुदिक खाली उतरायचं न्हाई."

अनशी हसली. असलं हसू कुणा लेकीबाळीच्या तोंडावर यायला नको. "माय, मला बाज कुठली? आन् आधी जेवायला कोण वाढतंय?"

औषध बटव्यात असतं तर मायनं दिलं असतं. हे औषध पाटलांच्या चुलीपाशी अडकलं होतं.

जत्रेचा दिवस उजाडला. अनशीला सकाळपासून पाण्याचा थेंब नाही. गाव मात्र मटणाच्या पंगतीवरून उठून, ढेकरा देत देवळापुढं जमलं. ठेच्याची परात आली. अनशीनं हात पुढं केला, तेवढ्यात धुरपामाय आली आणि तिनं ती परात लाथेनं उडवली.

"पोटुशी पोर उपाशी मारताय आन् देवीचं नाव सांगताय?" ती कडाडली. देवळातल्या समया त्या आवाजानं आडव्या झाल्या, असं म्हणतात. "लोटांगणच पायजे ना? मग समद्यांनी घाला. आबा पाटील, तुमी पयलं."

"आमी कशापायी?" पाटील म्हणाला.

"तुमी चोर न्हाई ना? मग भ्यायचं काय कारण?"

पाटील पेचात सापडला. देवीपुढं आडवा न होणारा पाटील गावानं पाहिला नव्हता. तो भरल्या पोटानं पालथा पडला. ठकूबाई पडली. मग सगळं गाव पडलं आणि गडगडत गाभाऱ्याकडे निघालं. अर्ध्या वाटेत रस्सा उलटा फिरला. कुणी खोकतंय, कुणी छाती धरतंय, पाटलाच्या नाकातोंडातून आंबट पाणी. ते पाणी पडलं तिथले दगड चरचरले आणि पांढरे झाले, असं म्हणतात.

"ज्याच्या घशाशी आलं न्हाई, त्यानं उभं ऱ्हावा," माय म्हणाली.

कुणीच उठलं नाही.

"एवढे चोर! मंग देवी इतकी वरसं उपाशीच हुती म्हणायची!"

तिनं पाटलाचीच गाडी जुंपायला लावली आणि अनशीला घेऊन शहर गाठलं. मायच्या शिव्यांनी बैल घाटातही थांबले नाहीत, असं म्हणतात. डॉक्टरानं गळ्याखालची वाट मोकळी केली, महिनोन्‌महिने औषध दिलं. अनशी वाचली, लेक झाली. आवाज मात्र जन्मभर घोगराच राहिला, आणि तो ऐकला की ठकूबाई मान खाली घालायची. घालायलाच हवी होती.

धुरपामायचा राग काही शेवटपर्यंत गेला नाही. गावानंही तो जाऊ दिला नाही. आजही कुणाचा घास अडकला, वजन उतरलं, उलटीतून रक्त आलं, तर खडकओहोळात अंगारा लावत नाहीत, गाडी काढतात. आणि जत्रेच्या दिवशी, ऊन असतानाच, गावातल्या सगळ्यात नव्या सुनेचं पान देवळात मांडतात. पानात मऊ भात आणि दुधी भोपळ्याची भाजी. पाटील घराण्यातला वडीलधारा माणूस पाण्याचा तांब्या धरून तिच्याशेजारी उभा राहतो. ती सावकाश जेवते, हवं तितकं जेवते, आणि तिला कुणी आवर म्हणत नाही. तिचं झाल्यावर नैवेद्य आत जातो. तोवर देवीला थांबावं लागतं, आणि देवी थांबते.