सुपडू पाटकऱ्याचा शेवटचा शब्द

फार वर्षांपूर्वी, किती ते मला विचारू नका, कारण गावातले दोन म्हातारे दोन आकडे सांगतात आणि दोघंही शपथ घेतात, खानदेशात तोरणवेल गावी सुपडू नावाचा पाटकरी होता. नदीच्या बंधाऱ्यातून निघालेला पाट दीड कोस वाहत शेतांना पाणी देई. कुणाला कधी किती पाणी सोडायचं ते सुपडू बघे. तो पुढे चालला की पाणी त्याच्या मागोमाग वासरासारखं येई, असं म्हणतात.

पाटात दर वर्षी गाळ बसतो. पूर्वी तो उपसायला सगळं गाव उतरे. मग जुनी माणसं थकली आणि तरुण पोरापोरींना वाटू लागलं की हे काम पाटकऱ्याचं, आपलं नव्हे. सुपडू दारोदार फिरून प्रत्येकाकडे एक दिवस मागे. पोरं हसून उद्या येतो म्हणत, आणि तो उद्या काही उजाडत नसे. मग सुपडू एकटाच फावडं घेऊन उतरे. पुढचा गाळ काढीपर्यंत मागे नवा बसे.

होता होता पाटाच्या टोकाच्या वस्तीला पाणी पोचेना. तिथली बावीस घरं गाव सोडायला निघाली, बांधाबांध झाली. त्या वस्तीतल्या सारजाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं. ते उरकलं की तिचे आईबापही जाणार होते. म्हणजे सासरी गेल्यावर परत यायला तिला माहेरच उरणार नव्हतं. खरं सांगायचं तर उद्या म्हणणाऱ्यांत सारजाही होती.

एका सकाळी सुपडू चावडीपुढे आला. तोंडात दात नव्हता, त्यामुळे अर्ध्यांना नीट ऐकूही आलं नाही. तो एवढंच म्हणाला, "पह्यले पोरेसले पाटवर बसाडा, मंग लगीन लावा."

म्हणजे, आधी पोरांना पाटावर बसवा, मग लग्न लावा. एवढं बोलून फावडं खांद्यावर टाकून तो बंधाऱ्याकडे गेला. त्याची जाणारी पावलं चिखलात दिसली, येणारी कधी दिसली नाहीत. असं म्हणतात.

आता आली का पंचाईत? गेलेल्या माणसाचा शेवटचा शब्द मोडायचा कसा? पण त्याचा अर्थ तरी काय? पाट म्हणजे लाकडी पाट, असं काहीजण म्हणाले. पण नवरानवरी पाटावर बसतातच, त्यासाठी कुणी मुद्दाम चावडीवर येईल का? दुसरे म्हणाले, पाट म्हणजे पाण्याचा पाट. पण त्यात बसून करायचं काय? तिसरे म्हणाले, विधवेचं पुन्हा लग्न लावतात त्यालाही पाटच म्हणतात. वाद इतका पेटला की सकाळी एका बाजूला असलेला माणूस जेवून आला की दुसऱ्या बाजूला बसे. तोवर सगळी लग्नं अडली.

शेवटी थकून त्यांनी तिन्ही अर्थ पाळायचे ठरवले. चिंधा नावाच्या तरुण विधवेला विचारलं, ती लगेच हो म्हणाली, तिचा पाट लावून टाकला. ती फार सुखात राहिली म्हणे. आणि गावातल्या सगळ्या बिनलग्नाच्या पोरापोरींना लाकडी पाट देऊन पाण्याच्या पाटात रांगेनं बसवलं. बसून काय करायचं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. पोरं एकमेकांची तोंडं बघत बसली.

सारजाचा पाट गाळावर डुलत होता. तिनं उठून हातानं गाळ सारखा केला, तरी डुले. आणखी खरवडला, तरी डुले. खाली तळाची जुनी दगडी फरशी लागली तेव्हा कुठे पाट पक्का बसला. तिचं पाहून शेजारच्यानं खरवडलं, मग त्याच्या शेजारच्यानं. पण दोन पाटांमधला गाळ घसरून पुन्हा खाली येई, मग तोही काढावा लागे. हे नऊ दिवस चाललं असं म्हणतात. काहीजण म्हणतात एकच दिवस, पण सूर्य नऊ दिवस मावळलाच नाही. मला दोन्ही खरं वाटतं.

शेवटचा पाट पक्का बसला आणि बंधाऱ्याकडून पाणी आलं. त्यानं सगळ्या पोरांना पाटांसकट उचललं आणि तरंगत तरंगत टोकाच्या वस्तीपर्यंत नेलं. बावीस घरांनी बांधलेली गाठोडी तिथंच परत उघडली. सगळ्यांच्या मागून सुपडूचं फावडं आलं. लोखंडाचं फावडं तरंगतं का? नाही तरंगत. त्या दिवशी तरंगलं, आणि सारजाच्या पाटाला येऊन टेकलं. ते उराशी धरून ती खूप रडली.

तोरणवेलला अजूनही लग्नाआधी नवरानवरी आपापला पाट घेऊन पाण्याच्या पाटात उतरतात. बरोबरीची सगळी पोरंपोरी फावडी घेऊन येतात. फरशी लागेपर्यंत गाळ निघतो. मग दोघं बसतात आणि काठावरचा म्हातारा विचारतो, "पाट हालस का?"

सुपडूला नेमका कोणता पाट म्हणायचा होता, यावर गावात अजून एकमत नाही. पण काठावरच्या म्हाताऱ्याला सारजानं आपल्या लग्नाआधी जे उत्तर दिलं तेच आजवर सगळे देतात. "आज नही हालत. पुढला सालले परत ई देखसू." म्हणजे, आज नाही हलत, पुढच्या वर्षी पुन्हा येऊन बघू.