खिशातला आवाज

“घरात असून नसणं म्हणजे काय हो, लतीफबाबा?”

अच्युत ओगले टेकडी चढून दर्ग्यात आला, तो हा प्रश्न घेऊनच. नमस्कार-चमत्कार काही नाही. कंप्युटरमधला बडा माणूस. बायको मृदुला जाऊन वर्ष होत आलेलं. ओट्यावर टेकला तरी एक हात शर्टाच्या खिशावरच.

म्हातारा फकीर अंगण झाडत होता. झाडू थांबला नाही.

“कोण म्हणालं असं?”

“माझी मुलगी, शर्वरी. उद्या मावशीकडे चाललीय, कायमची. म्हणते, पप्पा, तुम्ही घरात असून नसता. अहो, रोज तिच्यासमोर बसून जेवतो मी!”

“जेवताना बोलतोस काय?”

अच्युत खिसा चाचपू लागला.

“बरं. खिशात काय आहे?”

आता कुठं अच्युतचा चेहरा खुलला. त्यानं रुमालात गुंडाळलेला ड्राइव्ह काढला.

“मृदुलाच्या फोनमधलं सगळं यात आहे. तिचा आवाजसुद्धा. लॅपटॉप भरला होता, म्हणून फोनचा बॅकअप परस्पर याच्यावर वळवला. जुन्या जागी तिच्या नावाची नुसती लिंक ठेवली, इकडची वाट दाखवणारी पाटी म्हणा. लॅपटॉपला वाटतं, सगळं अजून तिथंच आहे. गंधवार्ताच नाही त्याला!”

“पोरीनं उघडून बघितलं?”

अच्युतचा आवाज उतरला.

“काल बघितलं. आईचा आवाज ऐकायचा होता तिला… काहीच निघालं नाही. ड्राइव्ह माझ्या खिशात होता ना. घरी ठेवला आणि हरवला तर?”

“तू ऐकतोस?”

“नाही… धीर होत नाही, बाबा. फार एकटं वाटतं हो.”

झाडू थांबला. खाली गावात कुणाच्या तरी लग्नाचा बँड वाजत होता. दोघंही तो संपेपर्यंत ऐकत राहिले.

“तुम्हीच ठेवा हा,” अच्युत म्हणाला. “तुमच्यापाशी सुरक्षित राहील. आणि शर्वरी थांबेल असं काहीतरी सांगा.”

बाबांनी ड्राइव्ह घेतला, कानाला लावला आणि डोळे मिटून बसले. बराच वेळ. अच्युतला हसावं की रडावं कळेना.

“बोलत नाही रे हा.”

“इथं कसा बोलेल, बाबा? घरी नेऊन लावायला हवा. मग बोलेल.”

बाबांनी ड्राइव्ह परत त्याच्या हातात ठेवला. त्याची मूठ मिटली. झाडू उचलला.

“अन् तू?”