गवारीचे देठ

"मग आधीचं काम कोणतं, बाई? रोगाशी लढायचं की रक्तदाब सांभाळायचं?"

घोरपडेबाईंनी गवारीची परडी तेवढी हेमांगीपुढे सरकवली.

हेमांगीला हसू आलं. पंचवीस वर्षांपूर्वी ती मिरजेला बाईंच्या हाताखाली संशोधन करायची, तेव्हापासूनचा हा शिरस्ता. प्रश्न घेऊन घरी आलं की आधी भाजी निवडायची. तेव्हा समोर इरफान मुजावर बसलेला असायचा. प्रयोगशाळेत स्टूल एकच, त्यावर दोघं आळीपाळीने बसायची. काय दिवस होते ते! पुन्हा तसं कुठे बसायला मिळालं नाही.

त्याच दिवसांत दोघांनी मिळून एन्झाइमांच्या एका घराण्याचा वंशवृक्ष मांडला. घराण्याचं काम एकच, प्रथिनांच्या तुकड्यांचं पुढचं टोक खुडायचं. एक बहीण तुकडे मापात आणते, मग शरीराच्या पहारेकऱ्यांना त्यांवरून शत्रू ओळखता येतो. दुसरी रक्तदाब चढवणाऱ्या संदेशाचं टोक खुडून त्याचा जोर उतरवते. हेमांगी पहिलीच्या मागे गेली, इरफान दुसरीच्या. आणि घराण्याचं मूळ काम कुठलं यावरून दोघांचं असं वाजलं, की अकरा वर्षं बोलणं बंद.

"नव्या पुस्तकात वंशवृक्ष छापतेय." हेमांगीने पिशवीतून कागद काढला. "इरफानचं नाव काढलंय. त्याची मांडणी आता टिकत नाही. प्रयोगशाळा तुमची होती, म्हणून तुमची सही हवी."

"खुड आधी."

हेमांगी खुडू लागली. बाईंच्या मांडीजवळ ताटात निवडलेल्या शेंगांचा ढीग होता. सकाळी कुणीतरी खुडून गेलं असावं.

"इरफान येऊन गेला वाटतं?"

बाईंनी परडी आणखी पुढे सरकवली.

म्हणजे येऊन गेला. हेमांगीचे हात भराभर चालू लागले.

"पहारेकरी नव्हते, तेव्हा तुझी ही बहीण काय करत होती?" बाईंनी विचारलं.

"...टोकं खुडत होती."

"आणि अंगात रक्तच नव्हतं, तेव्हा?"

"तेव्हाही खुडतच होती. पण बाई..."

"मग बहिणी दोन कशा झाल्या?"

"मूळ जनुकाची एक जादा प्रत निघाली. एकीनं जुनं काम सांभाळलं, म्हणून दुसरीला नवं शिकायची मोकळीक मिळाली." परीक्षेत सांगावं तसं हेमांगीने सांगून टाकलं. "मुद्दा तो नाही, बाई. मुद्दा नावाचा आहे."

परडी रिकामी झाली. बाईंनी हेमांगीच्या शेंगा ओंजळीने उचलल्या, ताटातल्या ढिगावर ओतल्या आणि हाताने सगळ्या मिसळून टाकल्या.

"यातल्या इरफानच्या काढून दे. मग सही करते."

"एवढंच?"

हे तर डोळे मिटून जमलं असतं. इरफानला देठ कधी नीट खुडता आला नाही. दर शेंगेला नखाएवढा ठेवायचाच. बाई रागवायच्या, आणि त्याची पाठ वळली की हेमांगी त्याच्या शेंगा गुपचूप पुन्हा खुडायची. किती वर्षं खुडल्या असतील!

तिने देठ राहिलेली एकेक शेंग वेचून पदरात घेतली. वेचता वेचता तिचा हात हळू झाला. आठवण येत होती, आणि येतेय हे तिला आवडत नव्हतं.

"अजून तसाच आहे हो, बाई..." ती पुटपुटली. "एवढा मोठा झाला, पण देठ काही सुटला नाही."

तिने पदर बाईंपुढे धरला आणि दुसऱ्या हाताने कागद पुढे केला.

बाईंनी कागदाकडे पाहिलं नाही. पदरातली एक शेंग उचलून त्यांनी तिचा राहिलेला देठ खुडला.

"इरफान दोन वर्षांत इकडे फिरकला नाही, हेमांगी. सकाळच्या मी खुडल्या... या सगळ्या तुझ्या."